मुलाला ऑटिझम आहे, सरकारी थेरपीच्या वेटिंगमध्ये नाव लावलंय, तोवर काय काय करून ठेवायचं? (नागपूर)

बेसा_रोडची_आई

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून इथं वाचून राहिली, लिहायला आजच बसली, थोडं लांबेल.

मुलगा सव्वातीन वर्षांचा. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ऑटिझमचं पक्कं सांगितलं. शंका मला आधीपासूनच होती, शब्द नव्हते, हाक मारली तर वळत नव्हता, काही पाहिजे असलं तर बोटानं दाखवत नाही, माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो आणि माझाच हात दाराला लावतो. घरचे म्हणत होते पोरं बोलतात उशिरा, याचा काका पण उशिराच बोलला. असो, रडून झालं, आता कामाला लागायचं आहे.

मिस्टर हिंगणा एमआयडीसीत प्रायव्हेट कंपनीत आहेत, मी घरी ट्यूशन घेत होती ते आता बंद केलं. सध्या प्रायव्हेटमध्ये आठवड्याला तीन स्पीच आणि तीन ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या हालचाली-कामं शिकवणारी) चालू आहे, एका सेशनचे ५०० रुपये, म्हणजे महिन्याला बारा-तेरा हजार नुसते थेरपीचे, वरून ऑटो. हे फार महिने झेपणार नाही हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. एका सरकारी केंद्रात जाऊन आलो, त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं आणि नंबर आला की फोन करू म्हणाले, कधी ते काही सांगितलं नाही. बाहेर बसलेल्या एका बाईंनी सांगितलं की आधी सर्टिफिकेट काढा, त्याशिवाय काही होत नाही. दुसरे एक जण म्हणाले निरामय काढा, तिसरे म्हणाले फुले योजनेत सगळं फुकट आहे. डोकं गरगरून गेलं.

तर विचारायचं असं की आधी काय करायचं? सर्टिफिकेट येईपर्यंत सरकारी थेरपी मिळतच नाही का? आणि वेटिंगमध्ये जे महिने जातील त्यात पोराचं नुकसान होईल का, कारण सगळीकडे वाचते की लवकर सुरू करा, लवकर सुरू करा, आणि रात्री झोप लागत नाही.

मानेवाडा_बाबा

ताई, माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, या सगळ्या दारांतून आम्ही गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सगळ्याला मिळून एकच वेटिंग समजून राहिल्या म्हणून गोंधळ होऊन राहिला. रांगा दोन आहेत, एक थेरपीची आणि एक कागदाची, आणि दोन्हीत आजच उभं राहायचं. त्या बाईंनी सांगितलं ते अर्धंच खरं आहे. पैशाच्या सवलती, शाळेचं आरक्षण, विमा याला सर्टिफिकेट लागतं. पण थेरपी सुरू करायला लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे ना, आरबीएसके, २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यांच्या टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करतात आणि ज्या मुलाच्या वाढीत उशीर दिसला त्याला डीईआयसीत, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तिथं बालरोगतज्ज्ञ, स्पीच, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर असं सगळं एका छताखाली असावं असं ठरलेलं आहे. टीमची वाट पाहायची गरज नाही, आईबाप मुलाला घेऊन सरळ जाऊ शकतात. तरी अंगणवाडी सेविकेला गाठून रेफरलची चिठ्ठी घ्याच, कागदावर तारीख राहते.

दुसरं, एकाच ठिकाणी नाव लावून बसू नका. नागपुरात आपल्याकडे जागा बऱ्या आहेत. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) ऑक्युपेशनल थेरपीचं कॉलेजच आहे, म्हणजे तिथं ओटी शिकवली जाते आणि केलीही जाते. मेयो हे दुसरं सरकारी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, आणि केंद्र सरकारचं सीआरसी आहे जे दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठीच काढलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा केस पेपर काढा. एकीकडे स्पीच लवकर मिळेल, दुसरीकडे ओटी, सगळं एकाच जागी मिळालं पाहिजे असा हट्ट सुरुवातीला धरू नका. सकाळचे स्लॉट सगळ्यांना पाहिजे असतात. आम्ही दुपारचा घ्यायला तयार आहे असं सांगितलं तर नंबर लवकर लागतो, आमचा असाच लागला.

आता कागद. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्याच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, दिव्यांग सर्टिफिकेट आणि कार्ड दोन्ही त्याच अर्जातून निघतात, आधीसारखं हातानं लिहिलेलं सर्टिफिकेट आता चालत नाही. पोर्टलवर दवाखाना निवडायचा, मग तारखेला मुलाला घेऊन डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची तपासणी करतात, ४० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ मार्क. एकूण ७० किंवा जास्त आले तर ऑटिझम धरतात आणि ७० ला ४० टक्के लागतात. ४० टक्के हाच बहुतेक योजनांचा उंबरठा आहे. नियमाप्रमाणे अर्जापासून तीन महिन्यांत निकाल लागायला पाहिजे (आधी एक महिना होता, २०२४ मध्ये नियम बदलून तीन केला). लहान मुलांना मुदतीचं सर्टिफिकेट देतात, त्यावरची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या आधीच पुन्हा अर्ज करा.

निरामय म्हणजे नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चारांसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही. नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेतून फॉर्म भरायचा. दारिद्र्यरेषेवरच्यांना पहिल्या वर्षी ५०० रुपये आणि नंतर २५० नूतनीकरण, खालच्यांना २५० आणि ५०. सगळ्यात कामाची गोष्ट ही की यात ओपीडी आणि चालू थेरपीचे पैसे परत मिळतात, बाकीचे विमे तिथंच हात वर करतात. पण थेरपीची आतली मर्यादा वेगळी असते, पूर्ण लाख थेरपीला मिळत नाही, आणि पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवायची. पॉलिसीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत काढली तर दीड महिनाच मिळेल. एप्रिलच्या सुरुवातीला हातात असेल असं बघा.

फुले योजनेचं विचारलं. ती दवाखान्यात भरती होऊन होणाऱ्या ऑपरेशन आणि उपचारांसाठी आहे. रोजच्या स्पीच-ओटीला तिचा उपयोग नाही, त्यामागे चकरा मारू नका.

पोराची_आई_वर्धमाननगर

माझा पण सेम प्रश्न होता, मुलगी अडीच वर्षांची आहे. मानेवाडा दादा खूप खूप धन्यवाद, सेव्ह करून ठेवलं. निरामयच्या बिलाला काय काय लागतं ते पण सांगाल का

मानेवाडा_बाबा

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी, की या मुलाला अमुक थेरपी आठवड्यातून इतक्या वेळा पाहिजे. तिच्याशिवाय क्लेम अडतो. मग ओरिजिनल बिलं आणि पावत्या, त्यावर तारीख, मुलाचं पूर्ण नाव, थेरपिस्टची सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. स्पीच थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नंबर असतो, ओटी आणि फिजिओचा महाराष्ट्राच्या ओटीपीटी कौन्सिलचा. आमचं एक सेंटर महिन्याचं एकच बिल वहीच्या पानावर लिहून द्यायचं, ते चाललं नाही. म्हणून पहिल्या दिवशीच सांगा की छापील बिल पाहिजे, सेशनच्या तारखांसह. पाठवायच्या आधी सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा आणि बिलं साचवून ठेवू नका, क्लेमला मुदत असते.

स्पीचवाली_ताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे, सरकारी आणि प्रायव्हेट दोन्हीकडे काम केलं आहे, त्यामुळे वेटिंगच्या रजिस्टरच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत. बेसावाल्या ताईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

वेटिंगच्या काळात नुकसान होतं का? घरी काहीच झालं नाही आणि पोरगं दिवसभर मोबाईलसमोर राहिलं तर हो, होतं. पण आठवड्याला तीन तास थेरपी आणि बाकीचे सगळे जागेपणीचे तास घरी, हा हिशोब प्रत्येक मुलाचा असतो, महागातल्या महाग सेंटरला जाणाऱ्याचा सुद्धा. म्हणून सरकारी केंद्रात नाव लावताना एक वाक्य बोला, "मॅडम, रेग्युलर स्लॉट नसला तरी चालेल, महिन्यातून एकदा बोलवून आम्हाला घरचा प्रोग्राम द्या." याला बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, कारण त्यात त्यांचा एकच तास जातो आणि तुमचं महिनाभराचं काम होतं. मी स्वतः अशा आईबापांना वेटिंगच्या बाहेरून बोलवून घ्यायची.

ताई, तुम्ही लिहिलं की तो तुमचं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. मला ते वाचून बरं वाटलं. तो मागतोय. त्याला माहीत आहे की आई हे करू शकते. आता तिथूनच सुरू करायचं. त्याला आवडतं ते, समजा चुरमुरे, एका आरपार दिसणाऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्याला दिसेल पण उघडता येणार नाही असं. तो डबा घेऊन तुमच्याकडे येईल. खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल असं. डबा हातात घ्या आणि थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, काही बोलू नका. त्याने तुमच्याकडे पाहिलं, काही आवाज काढला, हात पुढे केला, काहीही केलं तरी लगेच "उघड!" म्हणा आणि उघडा, दोन-चार चुरमुरेच द्या, झाकण लावा. परत येईल. परत तसंच. "काय पाहिजे, बोल आधी, बोल ना" असं करू नका, त्याने पोरगं चिडतं आणि मागणंच सोडून देतं. एकच शब्द, रोज तोच, घरातल्या सगळ्यांनी तोच. काही आठवड्यांनी तो "उ" म्हणेल किंवा झाकणावर बोट ठेवेल, दोन्ही चालेल, बोट ठेवणं ही पण भाषाच आहे.

असं दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं, अंघोळीच्या वेळी, कपडे घालताना, गच्चीवर. वेगळी खेळणी विकत आणायची गरज नाही.

सध्याच्या प्रायव्हेटबद्दल पण सांगते. पैसे संपले म्हणून एकदम सगळं बंद करण्यापेक्षा आत्ताच त्यांच्याशी बोला, आठवड्याला सहाऐवजी तीन करा, पण प्रत्येक सेशनची शेवटची दहा मिनिटं तुम्ही आत बसणार आणि घरी काय करायचं ते शिकणार हे ठरवून घ्या. आईला आत बसू न देणारं सेंटर असेल तर मला ते पटत नाही, स्पष्टच सांगते.

आणि कळकळीची विनंती, वेटिंगमध्ये हताश झालेल्या आईबापांना गाठून स्टेम सेलचं पॅकेज विकणारे लोक आहेत, काही लाखांत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही. दागिने मोडून कोणी तिकडे जाऊ नका. ते पैसे वर्षा-दोन वर्षांच्या थेरपीचे आहेत.

बेसा_रोडची_आई

स्पीचवाली ताई, तुमचं वाचून मी चुरमुऱ्याचा डबा आणून ठेवला सुद्धा. थांबणं फार कठीण जातं, हात आपोआप झाकणाकडे जातो. पण आज त्याने एकदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मानेवाडा दादा, अर्ज उद्या भरते. फक्त घरात एक अडचण आहे. सासूबाईंचं म्हणणं आहे की सर्टिफिकेट काढलं की पोरावर कायमचा शिक्का बसेल, शाळेवाले घेणार नाहीत, उद्या नोकरी लग्न सगळ्यात आड येईल, आणि तो पाचव्या-सहाव्या वर्षी सुधारला तर? त्या वाईट नाहीत, नातवावर जीव आहे त्यांचा, दिवसभर त्याच त्याला खेळवतात. पण मिस्टर पण आता थोडे मागे सरकून राहिले. त्यांना काय सांगू?

महालची_मावशी

अगं बाई, तुला मी तूच म्हणते, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि माझ्या सासूबाई पण अगदी हेच म्हणायच्या.

सासूबाईंना भीती आहे, आणि भीती वाटणाऱ्या माणसाला कायदा सांगून उपयोग नसतो, त्यांना दवाखान्यात सोबत ने. डॉक्टरांना आधी सांगून ठेव की आजीला समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी मुलीला ओटीच्या झोपाळ्यावर हसताना पाहिलं आणि त्यानंतर त्याच मला आठवण करून द्यायच्या की आज क्लास आहे.

आता मिस्टरांसाठी कायदा. सर्टिफिकेट तुझ्या कपाटात राहतं, तू दाखवलं तरच कोणाला दिसतं. मुलगा सुधारला तर मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते, टक्के कमी होऊ शकतात, आणि नको वाटलं तर पुढे नूतनीकरण करू नका, कोणी जबरदस्ती करत नाही. आणि शाळा घेणार नाही म्हणतात ना, उलट आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या राखीव २५ टक्क्यांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही, पण ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे, २१ प्रकारांत, आणि ४० टक्क्यांवरच्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. पुढे दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक, हे सगळं त्याच कागदावर मिळतं. माझ्या मुलीला एका शाळेने तोंडावर सांगितलं होतं की आमच्याकडे अशी मुलं नाही घेत. मी म्हटलं हे मला लिहून द्या. लिहून कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून घेतलं.

लग्नाचं म्हणशील तर आज पोराला बोलता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे, एकटं बाथरूमला जाता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी आज कागद लागतो.

ब्रॅम्प्टनहून_धरमपेठकर

मूळचा धरमपेठचा, आता कॅनडात ऑंटारियोत आहे, इथं आमच्या मुलाला ऑटिझम आहे. आपल्याकडच्या लोकांना वाटतं की परदेशात सगळं सोपं असेल म्हणून लिहितो. ऑंटारियोत सरकारी ऑटिझम प्रोग्राम आहे, त्यात कोअर थेरपीसाठी वय आणि गरज पाहून वर्षाला ६,६०० ते ६५,००० डॉलरपर्यंत पैसे मिळतात, रक्कम ऐकून सगळे चाट पडतात, पण रजिस्ट्रेशनच्या तारखेप्रमाणे नंबर लागतो आणि हजारो मुलं त्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेली आहेत. लवकरात लवकर नाव घालणं हाच इथला पहिला सल्ला, डायग्नोसिसचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात. आणि यादीत थांबताना चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी जे मिळतं ते म्हणजे आईबापांना शिकवणारे प्रोग्राम, थेरपिस्ट आईला कोचिंग देतो आणि आई मुलासोबत काम करते. स्पीचवाल्या ताईंनी डब्याचं जे लिहिलं जवळजवळ तेच आम्हाला इथं शिकवलं. तेव्हा ताई, तुम्ही जे घरी करून राहिल्या त्याला कमी समजू नका.

अजनी_क्वार्टर

केंद्र सरकारी नोकरीवाल्यांसाठी लिहितो, रेल्वे पोस्ट वगैरे, नागपुरात आपण खूप आहोत. केंद्रात महिला कर्मचारी आणि एकट्या बाबांना ७३० दिवसांची चाइल्ड केअर लीव्ह असते, साध्या मुलाला १८ वर्षांची मर्यादा आहे पण दिव्यांग मुलासाठी वयाची मर्यादा नाही. आणि दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट देण्याचा आदेश २०१४ चा आहे, त्यात ऑटिझमही येतो. बदलीनंतर नवीन गावात पुन्हा वेटिंगच्या शेवटी उभं राहावं लागतं, म्हणून ही सूट पोरासाठी फार मोलाची आहे. अर्ज वेळेत द्या, बदलीची ऑर्डर निघाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

बेसावाल्या ताई, तुमच्या मिस्टरांसाठी, प्रायव्हेट असले तरी, इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असतील तर ८०डीडी आहे. ४० टक्क्यांवर ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,०००, खर्च किती झाला त्यावर रक्कम ठरत नाही. ऑटिझमला फॉर्म १०-आयए लागतो, सिव्हिल सर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्टची सही. बोर्डाला जाल तेव्हाच तो फॉर्म छापून सोबत ठेवा आणि सहीसाठी विचारा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, तेव्हा दोन्ही हिशोब करून बघा.

उमरेडचे_आजोबा

मी नातवासाठी वाचून राहिलो. आम्ही उमरेडच्या पुढे खेड्यात राहतो. तुम्ही नागपूरचे लोक वेटिंगबद्दल बोलून राहिले, आमच्याकडे तर एका थेरपीसाठी सकाळी एसटी धरायची, अर्ध्या तासाचं सेशन आणि संध्याकाळी परत. पोट्टं गाडीत कंटाळून रडते. एक गोष्ट सांगतो जी लोकांना माहीत नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या ग्रामसेवकाला मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, ग्रामसभेत उठून विचारलं की ५ टक्क्यांचं काय झालं. नातवाच्या नावाने थोडे पैसे निघाले, मोठी रक्कम नाही, पण जाण्यायेण्याचं भागलं. तुम्ही महापालिकेत समाजविकास विभागात विचारा, तोंडी विचारू नका, लेखी द्या. आणि कार्ड झाल्यावर एसटीत ७५ टक्के सवलत आहे.

एक दुःख आहे ते पण लिहितो. आमच्या नातवाचा नंबर लागला आणि महिन्याभरात तिथली थेरपिस्ट बाई सोडून गेली, कंत्राटी होती. जागा रिकामी. आता कोणाला विचारायचं?

मानेवाडा_बाबा

आजोबा, ही फार ठिकाणची गोष्ट आहे, पदं कंत्राटी असतात, पगार कमी, माणूस टिकत नाही, आणि रजिस्टरमध्ये नावं वाढत राहतात. आमच्याकडे हेच झालं तेव्हा आम्ही काही पालक मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा. मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणतं पद कधीपासून रिकामं, वेटिंगमध्ये किती मुलं, एवढंच विचारायचं. उत्तर आलं की ते जोडून जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हाधिकारी दोघांना निवेदन द्यायचं. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथंही एक प्रत पाठवायची. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभागच आहे, तेव्हा दाद मागायला जागा आहे. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही, पंधरा-वीस आईबापांच्या सह्या असल्या की फाइल हलते. आमचं पद भरायला वेळ लागला, पण भरलं. आणि कोणावर ओरडू नका, समोर बसलेला माणूस पण तिथं एकटाच सगळं ओढत असतो. आमच्या अर्जासाठी कोणत्या जागा रिकाम्या आहेत ते तिथल्याच सिस्टरनी हळूच सांगितलं होतं.

तोवर नातवाचं थांबवू नका. आधीच्या थेरपिस्टनी फाइलमध्ये काय लिहिलं त्याची झेरॉक्स मागून घ्या, ती मुलाची आहे, तुमचा हक्क आहे. ती घेऊन मेडिकलला किंवा सीआरसीला जा, म्हणजे नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.

बेसा_रोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते. यूडीआयडीचा अर्ज भरला, मिस्टर सोबत बसले होते. मेडिकलला आणि आणखी एका ठिकाणी केस पेपर काढला, दुपारचा स्लॉट चालेल असं लिहून दिलं. सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, आम्हाला घरी करायचं काय ते सांगा, मी दिवसभर घरीच असते. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून शिकवलं. आता चुरमुऱ्याच्या डब्याचं काम त्यांच्याकडे आहे, त्या माझ्यापेक्षा जास्त थांबू शकतात.

एकच शेवटचं विचारते. बोर्डाच्या तारखेला मुलगा रडला, काहीच केलं नाही किंवा झोपून गेला तर काय करायचं? आणि जाताना काय काय न्यायचं?

महालची_मावशी

रडला तर रडू दे, ते लोक रोज पाहतात. आयएसएएचे बरेचसे प्रश्न तुलाच विचारतात, घरी कसा वागतो ते, म्हणून आदल्या दिवशी कागदावर लिहून काढ, कशाला घाबरतो, काय खातो, कोणाकडे जातो, झोप कशी आहे. चांगलं दाखवायच्या नादात काही लपवू नको आणि वाढवून पण सांगू नको. घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेव, हाक मारल्यावर वळत नाही तो, फ्रिजपाशी नेतो तो, तिथं ऐनवेळी करून दाखवणार नाही.

कागद म्हणजे मुलाचं आधार, लहान मुलांचं निळं असलं तरी चालतं, पण त्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, आमचं एका वेलांटीवरून परत आलं होतं. तुमचं आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचा रिपोर्ट, थेरपीच्या फाइलची झेरॉक्स, तो दहा-आयए चा फॉर्म. पाणी, त्याच्या आवडीचा खाऊ, एक खेळणं, आणि बदलायला कपडे. सकाळी लवकर जा पण उपाशी नेऊ नको. सासूबाईंना घेऊन जा, रांगेत एक जण लागतो आणि बाबूला बाहेर झाडाखाली फिरवायला एक.